सहावीच्या मुलांना 'चिकानो' कसं समजावायचं?

प्रश्न (तासगाव)
३५ मिनिटांचा तास आहे, पाठोपाठ हस्तकला. चिकानो म्हणजे 'अमेरिकेतले मेक्सिकन' एवढं सांगितलं की मुलं "म्हणजे बाहेरून आलेले" म्हणून मोकळी होतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर (मिरज)
नकाशापासून. १८३० चा मेक्सिको रंगवायला द्या आणि त्यावर आजची सीमा लाल खडूनं ओढा. टेक्सास १८४५ मध्येच अमेरिकेत गेलं होतं. मग मेक्सिको-अमेरिका युद्ध संपवणाऱ्या २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहानं कॅलिफोर्निया, नेवाडा, यूटा आणि न्यू मेक्सिको-ॲरिझोनाचा बहुतेक भाग गेला. माणसं जागची हलली नाहीत, रेघ हलली. १९५६ चं बेळगाव सांगितलं की मुलांना पटकन कळतं. फक्त तिथं राज्य बदललं, देश नाही, हे लगेच सांगा. नाहीतर घोळ होतो.

उत्तर (विटा)
नकाशावर थांबलात तर तेही अर्धवटच. पुष्कळ कुटुंबं नंतर कामासाठी गेली. आणि शब्दाचं काय? 'चिकानो' आधी हिणवायला वापरत; १९६० च्या दशकात तरुणांनी तोच अभिमानानं लावून घेतला. बाई असेल तर चिकाना. मेक्सिकन वंशाचा प्रत्येक अमेरिकन स्वतःला असं म्हणवत नाही, हे निक्षून सांगा.

तासगावात द्राक्षं सोडून दुसरं उदाहरण कशाला शोधता? कॅलिफोर्नियात डिलानोच्या बागांत ८ सप्टेंबर १९६५ ला फिलिपिनो मजुरांनी संप केला (त्यांना सगळे विसरतात). १६ तारखेला सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता या मेक्सिकन वंशाच्या नेत्यांची शेतमजूर संघटना त्यात उतरली. लोकांनी द्राक्षं घेणं बंद केलं, १९७० मध्ये बागायतदारांनी करार केले. वर्गात बागायतदारांची मुलं असणार आणि मजुरांचीही. छाटणीच्या मजुरीचा विषय निघेल, निघू द्या.

उत्तर (सातारा)
हस्तकलेला त्याच संघटनेचा झेंडा घ्या: लाल कागद, पांढरा गोल, काळा गरुड. पंख पायऱ्यापायऱ्यांचे आहेत, कुणालाही काढता यावेत म्हणूनच. चौकटीच्या वहीवर सहज जमतो.

किंवा 'पापेल पिकादो', मूळच्या मेक्सिकोच्या कातरलेल्या पताका. पतंगाचा कागद घ्या, घोटीव नको, जाड घडीला कात्री अडते. एका वेळी दोनच कागद. वर दोन सेंटिमीटर पट्टी दोऱ्यासाठी सोडून उभी घडी, मग आडवी. दोन कापांत निदान अर्धा सेंटिमीटर ठेवा. घडीची कड सलग कापली की पताकेचे दोन तुकडे.

मोठ्या टोप्या आणि खोट्या मिशा मात्र नकोत, ती नक्कल होते.

प्रश्नकर्ता
पताका करतो. दोऱ्याला चिकटवायला खळ चालेल?

उत्तर (सातारा)
नको, ओलीनं पतंगाचा कागद फाटतो, रंगही उतरतो. कोरडी गोंदकांडी वापरा.