श्रीवर्धनचं जुनं घर : चुना आणि कौलं ठेवायची, की स्लॅब टाकायचा? (चर्चा; बोलणाऱ्यांची नावं ही टोपणनावं)

माजघर :
श्रीवर्धन तालुक्यातलं आमचं घर पणजोबांच्या वेळचं. मातीत रचलेल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, आईनाच्या लाकडाचे वासे, वर मंगलोरी कौलं. भाऊबंदांचं म्हणणं, पाडून स्लॅबचं बांधू. माझा याला साफ विरोध आहे.

१९९६ साली ओटीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. आज त्या भिंतीला कमरेइतकी ओल आहे. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा गिलाव्याचा सुटलेला पापुद्रा हाताने ओढला. आतला चिरा भर उन्हाळ्यात ओला होता आणि नखाने खरवडला तरी लाल भुगा पडत होता. माजघराच्या भिंतीला मात्र जुना चुनाच आहे. रंग पार उडालाय, पण दगड टणक. चिरा सच्छिद्र असतो. जोत्यातून (घराखालच्या चौथऱ्यातून) चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट तिची वाट बंद करतं. म्हणून सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावावा, जुनं लाकूड तपासून तेच वापरावं आणि आतल्या खोल्यांत शेणाने सारवलेली जमीन ठेवावी असं मला वाटतं. घर पाडलं तर ते दगड-माती टाकणार कुठे? खाडीच्या कडेलाच ना? आणि नव्या बांधकामाला लागणाऱ्या सिमेंटचा कच्चा माल साधारण १४५० अंश सेल्सिअसला भाजावा लागतो, म्हणजे पर्यावरणावर तोही भार आलाच.

खळ्यातला :
दादा, ओलीचं पटलं. पण तुम्ही ठाण्याला राहता, मी इथे, याच घरात, बारा महिने राहतो. दरवर्षी पावसाच्या तोंडावर शाकारणी, म्हणजे फुटकी कौलं बदलून छप्पर पुन्हा नीट रचणं, कोण करणार? वानरं एका सकाळी चाळीस कौलं फोडतात. कौलांवर चढणारे आमच्या वाडीत दोघेच उरलेत, दोघेही साठीचे.

आणि ३ जून २०२०. निसर्ग वादळात आमच्या पडवीची कौलं पत्त्यांसारखी उडाली. आई ८१ वर्षांची, तिला खाटेसकट शेजारच्या स्लॅबच्या घरात नेलं. त्या रात्री मी ठरवलं, एक तरी खोली स्लॅबची हवी. पर्यावरण मलाही हवंय, पण त्याचा भार एकट्या गावात राहणाऱ्यावर टाकू नका.

ओळंबा :
साइटवर वीस वर्षं काढली आहेत, त्यातलं सांगते. मातीत रचलेल्या भिंतींवर स्लॅब टाकायचा विचार कुणीही करू नका. त्या भिंती तेवढं वजन पेलायला बांधलेल्याच नाहीत. स्लॅब हवा तर वेगळे खांब आणि वेगळा पाया लागतो. समुद्रापासून जवळ असाल तर खाऱ्या हवेने सळ्या गंजतात, फुगतात आणि खालचं काँक्रीट सुटतं. गळती लागली की त्यावर पुन्हा पत्र्याची शेड येते. तुमच्याच गावात मोजून बघा अशी किती घरं आहेत.

वादळात वारा आधी छपराच्या खालच्या कडेच्या, पागोळ्यांकडच्या आणि माथ्यावरच्या आढ्याजवळच्या कौलांच्या ओळी उचलतो. त्या ओळी तांब्याच्या तारेने रिपांना (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना) बांधून घ्या, आढं चुन्यात पक्कं करा. कौल उडणारच नाही अशी हमी मी देणार नाही, पण नुकसान बरंच कमी होतं.

माजघर, तुमचा उत्साह चांगला आहे, पण चुन्याला घाई चालत नाही. चुना पाण्यात विरवून मुरू द्यावा लागतो, गिलावा पातळ थरांत करावा लागतो आणि ओली गोणपाटं लावून तो जपावा लागतो. दिवाळीनंतर सुरू करा. मे महिन्यात चार दिवसांची रजा काढून हे काम होत नाही.

परसदार :
शेणाची जमीन सुचवणाऱ्याने ती आधी महिनाभर सारवून दाखवावी. माझ्या सासूबाई दर आठ दिवसांनी उकिडव्या बसून तीन खोल्या सारवायच्या. शेवटी त्यांना गुडघ्यांमुळे उठता येईना. घरातल्या बाईच्या कष्टावर उभं असलेलं काही मला पर्यावरणपूरक वाटत नाही. शहाबादी फरशी घाला. थंड राहते, पुसायला सोपी.

माजघर :
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी आई सारवायची, मी फक्त त्या जमिनीवर निजलो. शेणाची जमीन रद्द, शहाबादी घालू.

खळ्यातला, शाकारणीचा खर्च दरवर्षी आम्ही ठाण्याचे तिघे भाऊ देऊ. पण स्लॅबऐवजी एक विचार करा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपलं छप्पर १०० चौरस मीटर, पाऊस ३००० मिलिमीटर धरला तर ३ लाख लिटर. पन्हळी लावून त्यातलं निम्मं जरी विहिरीकडे वळवलं तरी जोत्याशी साचणारं पाणी कमी होईल आणि भिंतींची ओलही.

खळ्यातला :
पन्हळ लावू, त्याला माझी ना नाही. पण नुसते पैसे पाठवून शाकारणी होत नाही, माणूस मिळावा लागतो. मे महिन्यात तुमच्यापैकी एकाने येऊन वासे धरायला उभं राहायचं, ही माझी अट.

आणि आईसाठी मागच्या अंगणात एक खोली मी स्लॅबचीच बांधणार, वेगळ्या खांबांवर. त्यावर वाद नको. जुन्या भिंतीला मात्र हात लावत नाही. ओटीचं सिमेंट दिवाळीनंतर खरवडू, पण आधी फक्त चार फूट रुंदीचा पट्टा. त्याला चुना लावून एक पावसाळा बघतो. सप्टेंबरात हात लावून सांगेन, ओल आहे की गेली.