कमी पैशांत नॉयर छापाचा रहस्यपट: सावल्या काळ्या का येत नाहीत?

हरिपूर_रोड
नमस्कार मंडळी. सांगलीत बारा मिनिटांचा नॉयर, म्हणजे गडद सावल्यांचा कृष्णधवल रहस्यपट करायचा आहे. डोळ्यांपुढे आहेत ते १९६०-७० च्या काळातले परदेशी, 'फक्त प्रौढांसाठी'चे स्वस्त रहस्यपट: खासगी गुप्तहेर, हरवलेली बाई, लॉजची खोली, चेहऱ्यावर खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या. उघडंवाघडं काही दाखवायचं नाही, ती कोंदट, संशयाची हवा तेवढी हवी. जागा म्हणजे गणपती पेठेतल्या वाड्याची १० बाय १२ फुटांची खोली, भिंतींना पांढरा चुना. शिवाय रात्रीचा एक बोळ. क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आणि ५० मिमी एफ १.८ लेन्स आहे, लाइटसाठी सहा हजार.
चाचणीत काळा भाग करडा आणि दाणेदार येतो, पट्ट्यांची सावली भिंतीवर पसरट होते. हे कसं सुधारायचं? आणि त्या जुन्या पटांतून नेमकं काय उचलावं?

काळं_कापड
करडेपणा चुन्याच्या भिंतींमुळे येतोय. एवढ्या लहान खोलीत एक दिवा लावला तरी चारही भिंती उजेड परत फेकतात आणि चेहऱ्याची अंधारी बाजू भरून निघते. अंधार हवा तर तो उजेड शोषून घ्यायला हवा. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला, फ्रेमच्या अगदी कडेबाहेर, काळं जाड सुती किंवा मखमली कापड उभं करा. साटीन नको, ते चमकतं. माणसापासून दोन फुटांवर ५ बाय ७ फुटांचं कापड असलं तरी गालाचा पोत बदललेला लगेच दिसेल. कॅमेऱ्यामागची भिंतही झाका, ती सगळे विसरतात.

दाणा येतो कारण अंधार दाखवायचा म्हणून सगळी फ्रेमच कमी एक्सपोज केली जाते आणि मग एडिटिंगमध्ये चेहरा वर ओढला जातो. आठ बिटच्या फाइलमध्ये ते चालतच नाही, सावलीत चौकोनी डाग उमटतात. उजेडातला गाल वेव्हफॉर्मवर (चित्राच्या उजळपणाच्या आलेखावर) ६० ते ६५ टक्क्यांवर ठेवा, बाकीचं आपोआप खाली जाऊ द्या आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड जुळवताना, काळं आणखी खाली दाबा. खाली दाबताना दाणा लपतो, वर ओढताना उघडा पडतो. नॉयरच्या फ्रेममध्ये एक तरी जागा नीट उजळलेली लागतेच, तिच्याशेजारीच काळं काळं वाटतं.

आता पट्ट्या. सावलीच्या कडेची धूसर पट्टी किती रुंद होणार याचं गणित सरळ आहे: दिव्याची उंची गुणिले पट्टी ते भिंत अंतर, भागिले दिवा ते पट्टी अंतर. मंडपवाल्याकडच्या हॅलोजनचा रिफ्लेक्टर १२ सेंमी उंच धरा, दिवा पट्ट्यांपासून ३ मीटरवर, भिंत पट्ट्यांपासून १ मीटरवर. धूसर कड आली ४ सेंमी. पट्ट्या ५ सेंमीच्या असतील तर उरलं काय? तोच रिफ्लेक्टर आतून काळा केला की उजेड फक्त नळीतल्या तारेतून येतो आणि कड एक-दोन मिमीवर येते. दुचाकीच्या सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा काळा रंग वापरा. साधा रंग जळून धूर होतो.

नळी आडवीच हवी. ती तशीच जळायला बनवलेली असते आणि आपल्यालाही तेच सोयीचं आहे, कारण तारेला समांतर असलेल्या कडा तीक्ष्ण येतात, काटकोनातल्या पसरतात. म्हणून आडव्या पट्ट्या छान उठतात, खिडकीचे उभे गज मात्र फिके पडतात.

रिफ्लेक्टर गेला की उजेड खूप घटतो. १,००० वॉटची रिफ्लेक्टरशिवायची नळी ४ मीटरवर साधारण १०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) देते. आयएसओ ८००, शटर १/५० असताना एफ २.८ ला सुमारे १२० लक्स लागतात, म्हणजे एफ २.५ च्या आसपास भागेल. खोलीत ४ मीटर मिळणारच नाहीत, तेव्हा दिवा बाहेर वाड्याच्या चौकात किंवा सज्जात ठेवून खिडकीतून मारा. पट्ट्या सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या पुठ्ठ्याच्या) करा, ५ सेंमी पट्टी, ४ सेंमी फट, ३ बाय ४ फुटांच्या लाकडी चौकटीत, दिव्यापासून दूर आणि नटाच्या जवळ.

हरिपूर_रोड
आभारी आहे. हॅलोजनऐवजी दुकानाच्या पाटीवर लावतात तो ५० वॉटचा एलईडी फ्लड चालेल का? वाड्याचं वायरिंग जुनं आहे.

काळं_कापड
त्या फ्लडमध्ये एका पत्र्यावर बरेच छोटे एलईडी असतात, प्रत्येकाची वेगळी सावली पडते आणि पट्ट्यांच्या जागी नुसता राखाडी पट्टा दिसतो. एकच गोल चिप असलेला सीओबी व्हिडिओ लाइट भाड्याने मिळाला तर उत्तम, फक्त त्याचा रिफ्लेक्टर आणि डिफ्यूजर (उजेड पसरवणारं झाकण) काढा. फ्लिकर, म्हणजे दिव्याची लुकलुक, टाळण्यासाठी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. डिमरवाल्या स्वस्त एलईडीत तरीही पट्टे सरकतात, तिथे डिमर पूर्ण उघडा आणि दिवा मागे न्या.
वायरिंगचं म्हणाल तर १,००० वॉटला २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर लागतात. ६ अँपिअरच्या सॉकेटवर एकच दिवा, आणि एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवू नका, तापते. नळी बदलताना उघड्या बोटांनी धरू नका आणि पुढच्या काचेशिवाय दिवा लावू नका.

मिरज_जंक्शन
बोळाबद्दल. रस्ता ओला करा आणि दिवा कॅमेऱ्यासमोर, लांबच्या टोकाला, फ्रेमबाहेर लपवून ठेवा. दिवा कॅमेऱ्याच्या बाजूला असेल तर ओलं डांबर कोरड्यापेक्षा काळं दिसतं आणि चमक शून्य. चौरस मीटरला एक लिटर धरा. ४ बाय १० मीटरच्या बोळाला ४० लिटर म्हणजे २० लिटरचे दोन जार. एप्रिल-मेमध्ये डांबर रात्रीही गरम असतं, पाणी भराभर उडतं, म्हणून टेकच्या आधी लगेच ओता आणि तेवढंच पाणी पुढच्या टेकसाठी राखून ठेवा. महापालिका आणि पोलीस ठाण्याची परवानगी आधी काढा. मिरज स्टेशनचा मोह झाला तर रेल्वेची परवानगी वेगळी लागते.
धुक्यासाठी बंद खोलीत लोबान पुरतो, पंखा बंद ठेवा आणि थर पसरेपर्यंत थांबा. उजेड मागून असेल तरच धूर दिसतो. 'द बिग काँबो' (१९५५) चा शेवट पाहा: धुकं, मागून येणारा उजेड आणि दोन काळ्या आकृत्या. छायाचित्रण जॉन आल्टन यांचं.

पेवातली_हळद
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही. अमेरिकेत १९३४ पासून काटेकोर लागू झालेली निर्मिती संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याचे नियम, १९६८ पर्यंत होती. जे दाखवता येत नव्हतं ते सावलीत, बंद दारात, सिगारेटच्या धुरात सांगावं लागे. संहितेची जागा वयोगटाच्या प्रमाणपत्रांनी घेतल्यावर प्रौढांच्या स्वस्त पटांनी नॉयरचा सांगाडा उचलला, कारण तो स्वस्त होता: एक गुप्तहेर, एक टेबल, भेटायला येणारी माणसं, वरून निवेदन. पण अंग दाखवायचं ठरलं की दिवा सपाट होतो आणि संशय जातो. म्हणून सांगाडा त्यांच्याकडून घ्या, उजेड मात्र १९४० च्या दशकातून. तुम्हाला काही उघडं दाखवायचंच नाही, त्यामुळे हे तुम्हाला सहज जमेल.

काटकसर शिकायला 'डिटूर' (१९४५) पुरेसा आहे. एडगर उल्मर यांनी न्यूयॉर्कचा रस्ता दाट धुक्यात जवळजवळ सगळा लपवला, निवेदनाने प्रसंग जोडले. त्यात काही शॉट आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे छापलेले आहेत, गाडीचा चालक उजवीकडे दिसतो. तुम्ही शॉट उलटवणार असाल तर देवनागरी पाट्या, नंबरप्लेट, शर्टाची बटणपट्टी आणि मनगटावरचं घड्याळ आधी तपासा.

निवेदन चित्रात दिसतं तेच सांगत असेल तर कापा. 'ती आत आली' नको, ती येण्याआधी त्याला काय कळलं होतं ते सांगा. मिनिटाला ११० ते १२० शब्दांहून जास्त नको. कपाटात गोधड्या टांगून, माइक तोंडापासून १५-२० सेंमीवर आणि किंचित बाजूला ठेवून रेकॉर्ड करा. सॅक्सोफोनची गरज नाही, १९४० च्या दशकातल्या नॉयरला बहुतेक ऑर्केस्ट्राच असे. सॅक्सोफोनची ओळख नंतर चिकटली.

काळं_कापड
रंगांचं राहिलं. चित्रण रंगीतच करा आणि नंतर चॅनेल मिक्सरने (एडिटिंगमधल्या लाल, हिरव्या, निळ्याचं प्रमाण ठरवणाऱ्या साधनाने) कृष्णधवल करा. लाल चॅनेल वाढवला तर त्वचा गुळगुळीत होते, पण ओठ पुसले जातात, तेव्हा लिपस्टिक गडद मरून घ्या. निळा वाढवला तर डाग उठतात, शिवाय हॅलोजनखाली सगळ्यात जास्त दाणा निळ्यातच असतो. लाल साडी आणि हिरवा पडदा एकाच करड्यात मिसळू शकतात, म्हणून कपडे ठरवण्याआधी कापडांचा एक फोटो काढून मिक्सरमधून पाहा. शर्ट पांढराशुभ्र नको, फिकट निळा चालेल, नाहीतर कॉलर जळेल, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी दिसेल. आणि १० बाय १२ च्या खोलीत क्रॉप सेन्सरवर ५० मिमीने ३ मीटरवरून फक्त कमरेपर्यंतचा माणूस मिळतो. टेबलासकट दोघं हवे असतील तर २४ मिमी भाड्याने आणा.