मदत हवी आहे: रोटरचा क्रॉस परत गेला, चिखलातल्या अवजारांना नक्की कुठलं ग्रीस मारायचं?

माळरान_आजरा

नमस्कार मंडळी, आजऱ्याकडं शेती आहे, खाली भात आणि वर माळाला ऊस. ४५ एचपीचा ट्रॅक्टर, ६ फुटी रोटर, उसाची दोन चाकी ट्रॉली, घरी कडबा कुट्टी आणि बांधाचं गवत मारायला ब्रशकटर एवढा पसारा. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जून ते सप्टेंबर सगळं ओलंच असतं.

तर चिखलणी चालू असताना पीटीओ शाफ्टमधून (ट्रॅक्टरची ताकद रोटरला देणारा फिरता दांडा) टकटक आवाज यायला लागला आणि यंदा परत क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, गेला. खोलून बघितला. रोटरकडच्या बाजूचा क्रॉस, त्याच्या चार कपांपैकी दोन कप अगदी व्यवस्थित, आतल्या बेरिंगच्या बारीक सुया चकचकीत, आत ग्रीस जसंच्या तसं. उरलेल्या दोन कपांत मात्र ताकासारखं पांढरट पातळ पाणी, सुयांना लाल गंज आणि एकात तर सुयांचा भुगाच झालेला. ड्रायव्हर म्हणतो मी रोज सकाळी ग्रीसची गन मारतो आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही.

आता तालुक्याच्या दुकानात गेलो तर तो म्हणतो तुमचं पिवळं ग्रीस साधं आहे, निळं घ्या, निळं वॉटरप्रूफ असतं, आणि ट्रॉलीच्या हबला लाल घ्या, लाल हीटचं असतं. दुसऱ्या दुकानात बरोबर उलटं सांगितलं. मेव्हणा खाणीवर पोकलेनवर आहे तो म्हणतो काळं मोलीचं, म्हणजे मॉलिब्डेनमची पावडर असलेलं, आण आणि डोळे झाकून सगळीकडं मार. सध्या घरी आहे ती एपी थ्री लिहिलेली बादली, सगळ्याला तेच वापरतोय.

विचारायचं एवढंच की सगळ्याला एक बादली चालते का वेगवेगळं लागतं, आणि जुन्यावर नवीन मारलं तर काही होतं का? पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील पण ऐन लावणीत मशीन उभं राहायला नको, त्या चार दिवसांत गडी पण मिळत नाहीत आणि पाणी पण थांबत नाही.

पोकलेन_निपाणी

मेव्हणा बरोबर सांगतोय पण त्याच्या मशीनपुरतं. पोकलेनची बकेट पिन हळू हलते, वजन प्रचंड आणि दणके बसतात, तिथं ग्रीसचा थर पिळून बाहेर पडतो आणि मागं राहिलेली मोलीची पावडर लोखंडाला लोखंड घासू देत नाही. म्हणून पिन-बुशला मोली. तुमच्या ट्रॅक्टरला थ्री पॉइंटच्या (मागं अवजार जोडायच्या) पिना, ट्रॉलीची हुक, टिपिंगची पिन असेल तर तिथं मारा. जोरात फिरणाऱ्या बॉल बेरिंगला कशाला घालताय, तिथं मोलीचं काही काम नाही.

दिंडोरीकर

आमच्या द्राक्षात ब्लोअर असतो, त्याचा शाफ्ट पण सारखा ओला, वरून मोरचूद, गंधक असली औषधं. अनुभव असा की ग्रीस कुठलं यापेक्षा कधी मारलं याला जास्त महत्त्व आहे. संध्याकाळी प्रेशरच्या पाण्यानं धुतलं की त्याच वेळी ग्रीस मारायचं, सकाळवर ढकलायचं नाही. धुताना सीलमधून आत गेलेलं पाणी रात्रभर बेरिंगात बसून राहतं आणि गंज तेव्हाच धरतो. आणि शाफ्टच्या आतबाहेर सरकणाऱ्या पाइपला पण ग्रीस लागतं, ते सगळे विसरतात, मग पाइप जाम होतो आणि वळणावर सगळा दाब क्रॉसवर येतो.

लॅबवाला_निवृत्त

वंगणाच्या कारखान्यात लॅबला आयुष्य गेलं म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे रंग विसरा. लाल, निळा, हिरवा हा फक्त रंग आहे, कंपनी आपापल्या मर्जीनं टाकते. काळं-करडं तेवढं मोली किंवा ग्रॅफाइटमुळं होतं, बाकी रंगावरून काहीही कळत नाही.

ग्रीस म्हणजे तेल, त्याला धरून ठेवणारा साबण आणि थोडी औषधं. साबण म्हणजे खरोखरचा साबण, लिथियमचा, कॅल्शियमचा, सोडियमचा. पाण्यात टिकणार की नाही हे बरंचसं या साबणावर ठरतं. सोडियमवालं पाण्यात विरघळतं, ते शेतीत नकोच. साधं कॅल्शियमवालं, ज्याला जुने लोक कप ग्रीस म्हणायचे, पाण्याला उत्तम पण ६० अंशाच्या वर त्याचा भरवसा नाही आणि १०० च्या आसपास ते वितळतंच. लिथियम मधलं, १९४० च्या दशकात आलं आणि सगळीकडं तेच झालं कारण उष्णता पण सोसतं, १८० च्या पुढं वितळतं, आणि पाणी पण बऱ्यापैकी सोसतं. तुमची एपी थ्री बादली बहुतेक हीच. लिथियम कॉम्प्लेक्स त्याच्या वरचं, २५० च्या पुढं जातं. आणि सतत पाण्यात, चिखलात काम असेल तर कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स, त्याचा साबणच गंज रोखतो आणि दाब पण सोसतो, वेगळी औषधं फारशी घालावी लागत नाहीत. महाग आहे, बरंच महाग.

एपी थ्रीमधला ३ हा घट्टपणाचा आकडा. ००० म्हणजे जवळजवळ तेल, २ म्हणजे लोण्याइतकं, ३ त्याहून घट्ट. ठरावीक वजनाचा शंकू २५ अंशाला ग्रीसवर सोडतात आणि तो किती रुततो ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात, २ नंबरला २६५ ते २९५ आणि ३ नंबरला २२० ते २५०. चाकाच्या हबला ३ चालतं कारण ते हातानं भरतो. पण क्रॉसच्या आतली भोकं बारीक, आणि तुम्ही थंड ओल्या सकाळी गन मारता, तिथं २ च पाहिजे.

आता तुमच्या प्रश्नातली मुख्य गोष्ट, जी तुम्ही स्वतःच लिहिली आहे. चारातले दोन कप चांगले. ग्रीस तेच, पाणी तेच, चिखल तोच. ग्रीस वाईट असतं तर चारी गेले असते. त्या दोन कपांपर्यंत ग्रीस पोचतच नव्हतं! निप्पल, म्हणजे गन लावायचं तोंड, एकच असतो, तिथून आत चार वाटा फुटतात आणि ग्रीस जिकडं सोपं पडेल तिकडं जातं. दोन कपांच्या सीलमधून बाहेर आलं की मारणाऱ्याला वाटतं झालं काम. उरलेल्या दोघांत जुनं घट्ट झालेलं ग्रीस बूच मारून बसतं, त्यात पाणी शिरतं. ड्रायव्हर खरंच रोज मारत असेल, त्याचं काही चुकलं नाही.

उपाय असा. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात. निप्पल आधी फडक्यानं पुसा नाहीतर चिखल आत ढकलला जातो. गन मारत राहा आणि चारी सीलमधून नवीन ग्रीस डोकावतंय का ते बघा. एखाद्यातून येत नसेल तर शाफ्ट हातानं वरखाली, डावीउजवीकडं हलवा म्हणजे त्या कपावरचा दाब सुटतो, परत मारा. तरीही नाही आलं तर तो कप खोलून धुवायचा, दुसरा इलाज नाही. चिखलणीत दर ८ तासांनी हे करायचं आणि शेवटचं मारणं काम संपल्यावर, दिंडोरीकर म्हणतात तसं.

जुना_मिस्त्री

लॅबवाले साहेब बरोबर बोलले. माझ्याकडून दोन गोष्टी. रोटरच्या शाफ्टला उसाचा पाला, दोरी, गवत गुंडाळतं ते रोज कापून काढा. ते सीलमध्ये शिरून सील कापतं आणि मग तुम्ही सोन्याचं ग्रीस घातलं तरी पाणी आत जाणार. दुसरं, लोखंडी चाकं लावून चिखलात उतरला असाल तर पुढच्या चाकांचे हब पाण्यात बुडालेले असतात. लावण संपली की दोन्ही हब खोलायचे, बेरिंग डिझेलनं धुवायचं, वाळवायचं, हातानं ग्रीस भरायचं आणि सील नवीन टाकायचं. सील स्वस्त आहे, बेरिंग नाही. पुढच्या ॲक्सलच्या किंगपिनला (जिच्यावर चाक वळतं ती उभी पिन) ग्रीस मारताना जॅक लावून चाक उचला, चाक जमिनीवर असताना वजन पिनेवर असतं आणि ग्रीस खालच्या तोंडापर्यंत जातच नाही.

बाकी आमच्याकडं ग्रीसमध्ये जळकं ऑईल मिसळून पातळ करून मारतात, गन हलकी चालते.

लॅबवाला_निवृत्त

मिस्त्री, बाकी सगळं सोळा आणे पण जळकं ऑईल नको हो. त्यात काजळी असते, धातूचा कीस असतो, आम्ल झालेलं असतं. गन हलकी पाहिजे तर नंबर २ घ्या.

माळरान_आजरा

लॅबवाले साहेब, खरंच कमाल. आज रोटरचा दुसरा क्रॉस, ट्रॅक्टरकडचा, तुम्ही सांगितलं तसं मारून बघितला. तीन सीलमधून लगेच आलं, चौथ्यातून काही केल्या येईना. शाफ्ट हलवला तेव्हा फटकन आवाज झाला आणि आधी काळं, मग तपकिरी पाणी आणि मग पिवळं ग्रीस आलं. ड्रायव्हर बघतच राहिला.

मग आता निळी बादली घेऊ का नको? आणि मिसळायचं काय? शिवाय कडबा कुट्टीच्या मोटरीला किती मारायचं, तिला दोन्ही बाजूला निप्पल आहेत आणि तिथला माणूस बाहेर येईपर्यंत मारतो.

लॅबवाला_निवृत्त

बादलीचं असं करा. कंपनीच्या डेटा शीटमध्ये साबण कुठला, ४० अंशाला तेलाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) किती आणि वॉटर वॉशआउट, म्हणजे पाण्यानं वाहून जाणारं ग्रीस, किती टक्के हे तीन आकडे असतात. दुकानदाराला विचारू नका, मोबाईलवर बघा. व्हिस्कॉसिटी २२० च्या आसपास, ईपी (जास्त दाब सोसणारं) लिहिलेलं, नंबर २, लिथियम कॉम्प्लेक्स किंवा लिथियम-कॅल्शियम मिसळलेलं असेल तर क्रॉसला, किंगपिनला, हबला, सगळ्याला ती एक बादली पुरते. वॉशआउटचा आकडा जितका कमी तितकं पाण्यात बरं, फक्त दोन ग्रीसची तुलना करताना दोन्हीची चाचणी एकाच तापमानाची आहे ना बघा, ३८ ला केलेली आणि ७९ ला केलेली वेगळी. सल्फोनेट घ्यायचंच असेल तर रोटरपुरतं छोटं पॅक घ्या, ट्रॉलीला ते घालणं म्हणजे पैसा वाया.

मिसळण्याचं म्हणाल तर लिथियमवर लिथियम किंवा कॅल्शियम सहसा चालतं. पॉलियुरिया किंवा बेंटोनाइट मातीवालं लिथियमवर पडलं तर दोन्ही मिळून पातळ होऊन गळू शकतं. सल्फोनेट मारायचं तर आधी जुनं बाहेर येईपर्यंत मारून काढा किंवा नवीन क्रॉस बसवताना सुरुवातच त्यानं करा. तुम्ही क्रॉस बदलताय तर हीच वेळ आहे.

मोटरीत बाहेर येईपर्यंत अजिबात नाही!! क्रॉस आणि मोटर यांचे नियम उलटे आहेत. क्रॉसमध्ये जास्तीचं बाहेर पडून घाण घेऊन जातं, मोटरीत जास्तीचं वाइंडिंगवर जातं आणि बेरिंग ग्रीस घुसळून घुसळून तापतं. हिशोब सोपा आहे, बेरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, म्हणजे तेवढे ग्रॅम. ६२०६ बेरिंग असेल तर ६२ गुणिले १६, साधारण ५ ग्रॅम. आपली गन एका दाबाला किती देते ते एकदा कागदावर १० दाब मारून सोन्याच्या नाहीतर किराण्याच्या काट्यावर मोजा, गनागणिक फरक असतो. आणि बेरिंगवर झेडझेड किंवा टूआरएस लिहिलं असेल तर ते बंद बेरिंग आहे, त्याला बाहेरून मारलेलं आत जात नाही.

पोकलेन_निपाणी

+१. आणि बादलीचं झाकण लावत जा राव. निम्म्या शेतकऱ्यांची बादली गोठ्यात उघडी, वर भुसा आणि कोंबडीची पिसं.

रानगवा_राधानगरी

धाग्यात घुसतोय, माफ करा. ब्रशकटरच्या पात्याजवळच्या गिअरहेडला हेच ग्रीस चालेल का? माझा गिअरहेड हात लावू देत नाही इतका तापतो.

जुना_मिस्त्री

चालतं, लिथियम ईपी. साधारण २५ तासांनी बाजूचा स्क्रू काढून बघायचं, कडेला ग्रीस दिसत नसेल तर थोडं घालायचं. ठासून भरू नका, मोकळी जागा लागते. हात लावू देत नाही म्हणजे ठासलेलं तरी असेल नाहीतर कोरडं तरी. शिवाय पात्याखालच्या वॉशरमागं गवत गुंडाळलंय का तेही बघा, ते घासून पण तापतं. मशीन बंद करून, प्लगची वायर काढून मगच हात घाला.

माळरान_आजरा

माझ्या ब्रशकटरचा तो स्क्रू घेतल्यापासून कुणी काढलेलाच नाही असं आत्ता दिसतंय, ॲलन की शोधतोय. क्रॉस सोमवारी येतोय, दुकानदाराला निप्पलवालाच सांगितलाय. बसवताना कपांच्या सुया ग्रीसमध्ये चिकटवूनच बसवतात ना मिस्त्री, का वेगळी काही पद्धत आहे?

जुना_मिस्त्री

तीच पद्धत. बोटानं ग्रीस लावून सुया कपाच्या भिंतीला चिकटवा, एक जरी आडवी पडली तर कप पूर्ण बसणार नाही आणि सर्कलिपची (कप जागेवर धरणारी रिंग) खाच दिसणार नाही. खाच दिसत नसेल तर हातोडा मारू नका, कप काढून सुई बघा. बसल्यावर क्रॉस हातानं चारी बाजूला सहज हलला पाहिजे. मग गन.