रंग नेमका कधी खेळायचा, धुळवडीला की रंगपंचमीला?

पेठकर:
दरवर्षी फाल्गुन लागला की माझी चिडचिड सुरू होते, यंदा लिहूनच टाकतो. पौर्णिमेला होळी, दुसऱ्या दिवशी धुळवड आणि रंग वद्य पंचमीला. पुणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात तरी हाच क्रम. धुळवडीला होळीची राख अंगाला फासायची, होळीच्या विस्तवावर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ आणि दुपारी मटण. (कोल्हापुरात त्या सकाळी मटणाच्या दुकानांपुढं लागलेल्या रांगा बघा एकदा.) आता सोसायट्यांमधून धुळवडीलाच डीजे, रेन डान्स आणि 'हॅपी होली'. पंचमीला एखादं पोरगं पिचकारी घेऊन खाली उतरलं, की ऑफिसला निघालेले लोक त्याच्याकडं गुन्हेगारासारखे बघतात. हिंदी सिनेमा आणि आयटी कंपन्यांनी मिळून आपला एक अख्खा सण गिळला. महाराष्ट्रात रंग रंगपंचमीलाच खेळला गेला पाहिजे, हे माझं म्हणणं.

वऱ्हाडी_ठेचा:
राजेहो, महाराष्ट्र म्हणजे कात्रजपर्यंतच का? नागपूर-अमरावतीकडं आमचे आजे-पणजे धुळवडीलाच रंग खेळले. होळीत शेणाच्या चाकोल्यांच्या माळा, लेकरांच्या गळ्यात साखरगाठी अन् दुसऱ्या दिवशी पळसाच्या फुलांचा रंग. सिनेमा यायच्या आधीपासून. नागपूर तर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, आमचं उत्तरेकडं जाणं-येणं, सोयरीक जुनीच. ते आम्हाला परकं वाटत नाही. तुम्हाला वाटते, तर तो तुमचा प्रश्न.

पेठकर:
@वऱ्हाडी_ठेचा, तुमच्याकडं जे होतं ते तसंच राहू द्या, मी तुमच्या दारात पंचमी आणून ठेवत नाहीये. तक्रार आहे ती जिथं पंचमी होती आणि आता उरली नाही त्या गावांबद्दल. दोन रीती शेजारी शेजारी नांदणं वेगळं आणि एकीनं दुसरीला ढकलून देणं वेगळं.

गोदाकाठ:
पेठकरांशी सहमत, पण रडगाणं पुरे. नाशिकला या. आमच्याकडं रंगपंचमी जिवंत आहे, कारण तिला जागा आहे. रहाडी म्हणजे पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर माती टाकून बुजवलेले. वरून रहदारी चालू असते, परगावच्या माणसाला पत्ताही लागत नाही. पंचमीच्या आधी उकरायच्या, साफ करायच्या, पूजा करायची आणि फुलं उकळून केलेला रंग भरायचा. शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. उडी मारली की धप्पा. धुळवडीला आम्ही रिकामे बसतो असंही नाही, त्या दिवशी वीरांची मिरवणूक असते, दाजिबा वीर निघतात. म्हणजे दोन्ही दिवस आपापल्या कामानं भरलेले. तुमच्या पेठेत पंचमीला करायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ती गेली. सिनेमाला कशाला दोष?

साधी_गृहिणी:
सिनेमा नको, पेठ नको, कॅलेंडर उघडा. सरकारी सुट्टी कधी असते? 'होळी (दुसरा दिवस)', म्हणजे धुळवडीला. 2025 मध्ये धुळवड शुक्रवारी आली, सलग तीन दिवस मिळाले. रंगपंचमी आली बुधवारी, मुलांची शाळा आणि आमचे डबे चालू. ज्या दिवशी घरी आहोत त्या दिवशी खेळणार ना? यात संस्कृतीवर आक्रमण वगैरे काही नाही.
आणि एक बोलू का? शिमग्याच्या नावाखाली बायकांकडं बघून बोंबा मारणं, अचकट-विचकट बोलणं हेही जुनंच आहे. परंपरा वाचवायची म्हणता तेव्हा नेमकी कुठली वाचवताय ते आधी सांगा. सोसायटीतल्या त्या रेन डान्समध्ये मी आणि माझी मुलगी बिनघोर उतरतो. चौकात उतरत नव्हतो.

शिमगेकर:
रंग, रंग, रंग! आमच्या रत्नागिरीकडं येऊन सांगा शिमगा म्हणजे रंग, लोक हसतील. आमच्याकडं शिमगा म्हणजे ग्रामदेवतेची पालखी. कुठं तेरसे शिमगे, त्रयोदशीला. कुठं भद्रेचे, पौर्णिमेला. होळीचं झाड वाजतगाजत आणायचं, उभं करायचं, मग पालखी घरोघर. देव वर्षातून एकदा आपल्या दारात येतो, घरची बाई ओटी भरते, गाऱ्हाणं घातलं जातं. त्यासाठी मुंबईचा चाकरमानी रजा मिळाली नाही तर नोकरीवर पाणी सोडायची भाषा करतो. खेळे, संकासूर, गोमू ही सगळी नाच-सोंगं त्याच दिवसांत. खाली सिंधुदुर्गात रोंबाट, म्हणजे सोंगांची वाजतगाजत मिरवणूक निघते, पोरं शबय, म्हणजे शिमग्याचे पैसे मागत फिरतात. रंग उडतो, नाही असं नाही, पण त्याच्यासाठी कोणी एसटीत उभं राहून येत नाही. तुमची तारखेची भांडणं पालखी नसलेल्या लोकांची आहेत. 😄

गोदाकाठ:
@शिमगेकर, मानपानावरून पालख्या अडतात, मानकरी कोर्टात जातात, ते कोणाच्या तारखेचं भांडण असतं?

शिमगेकर:
ते आमचं घरचं. :)

बालाघाटी:
सगळ्यांचं वाचलं. कोणाच्याच तोंडी पाण्याचा प हा शब्द आला नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. रंग त्याच्या आधी दोन-तीन आठवडे. रेन डान्सला टँकर बोलावणाऱ्या सोसायट्यांना पंचमी आणि धुळवड दोन्ही सारख्याच. आमच्या बीडमध्ये केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात, मग नवे कपडे देऊन मान करतात. अख्खं गाव पोट धरून हसतं, पाणी किती लागतं? सण कोरडाही होतो.

सातपुडा:
नंदुरबारमधल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी बघितलेल्यांनी इथं हात वर करा. ती संध्याकाळी पेटतच नाही, रात्रभर ढोल आणि नाच, पहाटे उंच बांबूची होळी पेटते. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधलेले नाचणारे, म्हणजे बुध्या, आधी व्रत पाळतात, जमिनीवर झोपतात. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो. आता तिथं कॅमेरेवाले इतके येतात की नाचणाऱ्यांना वाट मिळत नाही. पेठकर, तुमचा सण लोक विसरले म्हणून तुम्ही रडता. आमच्याकडं लोक जास्त बघायला लागलेत, त्याचाही त्रासच. तेव्हा 'परंपरा टिकली पाहिजे' म्हणताना ती कोणासाठी टिकवायची तेही बोला.

पेठकर:
@साधी_गृहिणी, सुट्टीचा मुद्दा खरा, पण तो माझ्याच बाजूचा आहे. सुट्टी धुळवडीला ठेवून आपणच पंचमीचा गळा आवळला. इंदूरला बघा, होळकरांचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, पण रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, अजून राजवाड्यासमोरून निघते, सगळं शहर रस्त्यावर असतं. मराठी माणसानं तिकडं नेलेलं तिथं टिकलं आणि इथं आम्ही बुधवार आहे म्हणून सोडलं. आमच्या सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडणार आहे, यंदा सार्वजनिक रंग पंचमीच्या संध्याकाळी.

वऱ्हाडी_ठेचा:
मांडा. तुमच्या सोसायटीत नागपूर-अकोल्याचे किती फ्लॅट आहेत ते आधी मोजून ठेवा म्हणजे झालं.