पोटरी फडफडणं आणि ईएमजी

पोटरी फडफडते म्हणून ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) करू की नको विचारलंय तुम्ही, मी गेल्या वर्षी याच फेऱ्यात होतो. रात्री दोनला मोबाईलवर एएलएसबद्दल (स्नायू हळूहळू कमजोर करणारा मज्जासंस्थेचा गंभीर आजार) वाचायचं आणि ताकद गेली नाही ना म्हणून बाथरूममध्ये चवड्यांवर उभं राहून बघायचं, बायको वैतागलेली. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर चालवलं, म्हणाले ताकद शाबूत आहे, नुसतं फडफडणं चहा-जागरणानेही होतं, टेस्टची गरज नाही. तरी हट्टाने केली. सोबत एनसीव्ही, म्हणजे नसांची तपासणी, असते, तिच्यात बारीक शॉक, ईएमजीत स्नायूत सुई घालून पाय ताणायला लावतात, सहन होतं. रिपोर्ट नॉर्मल, आणि चौथ्या दिवशी मी जीभही फडफडतेय का ते आरशात बघत उभा! पाऊल लटकत असेल, शर्टाचं बटण लागत नसेल तर लगेच न्यूरॉलॉजिस्ट गाठा, पण नुसती धाकधूक असेल तर काउन्सेलरकडे जाऊन बघा, मला फरक तिथेच पडला.