बुद्ध सर्किट, ३० ऑक्टोबर २०११ : तुम्ही कुठे होतात?

धागाकर्ता, ठाणे

२०११, २०१२, २०१३. तीन वर्षं फॉर्म्युला वन आपल्याकडे आलं आणि गेलं. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी तो खेळ नव्हता, करमणूक होती. करावरून वाद पेटला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ग्रेटर नोएडाच्या या सर्किटचं नाव कॅलेंडरवरून उडालं. त्यावर भांडायचं असेल तर इथे नको. हा धागा फक्त पहिल्या शर्यतीचा. निकाल सगळ्यांना पाठ आहे : व्हेटेल, बटन, अलोन्सो. स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं लिहा. स्टँडमध्ये असा, टीव्हीसमोर असा, काही हरकत नाही.

सुरुवात मीच करतो. माझी जागा चौथ्या वळणापाशी होती. तिसऱ्या वळणाचा चढ संपला की किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला हे वळण. टीव्हीवर ब्रेकिंग कळतच नाही हो! तीनशेच्या वर वेगाने आलेली गाडी वळणाच्या तोंडाशी येईस्तोवर ब्रेकच लावत नाही. आपण मनात म्हणतो, गेली ही कुंपणात. मग एकदम गिअर खाली पडत जातात आणि प्रत्येक गिअरचा दणका छातीत बसतो. तेव्हा २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं होती, मिनिटाला अठरा हजार फेरे. कानात बोळे घालूनही आवाज दातांपर्यंत जायचा. शेजारचे एक काका पहिल्या फेरीनंतर नुसते हसत सुटले, थांबेचनात.

पण खरं सांगू? शर्यतीत काय चाललंय ते काही कळत नव्हतं. समालोचन आवाजात बुडालेलं. कोण कितवा, कोण पिटमध्ये (टायर बदलायला थांबतात तिथे) गेला, सगळं मला पुण्याहून भावाच्या एसेमेसवर समजत होतं.

एसेमेसवाला भाऊ, पुणे

तो भाऊ मी. दादा तिथे आवाज खात होता आणि मी इथे सोफ्यावर बसून त्याची शर्यत चालवत होतो.

आता वाईटपणा घेतो : शर्यत रटाळ होती. व्हेटेल पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरून सुटला, साठच्या साठ फेऱ्या पुढे राहिला, सगळ्यात वेगवान फेरीही त्याचीच. विजय धरून या चारही गोष्टी एकाच शर्यतीत करण्याची त्याची ती पहिलीच वेळ. बटन साडेआठ सेकंदांच्या आसपास मागे, पण त्याने गाठलंय असं एकदाही वाटलं नाही. जगज्जेतेपद तर तीन आठवड्यांपूर्वी सुझुकालाच ठरून गेलेलं. जीव होता तो हॅमिल्टन आणि मासा यांच्यात. चोविसाव्या फेरीला दोघं पाचव्या वळणावर एकमेकांवर आदळले, त्या मोसमात कितव्यांदा तरी. शिक्षा मासाला झाली. मला पटली नाही. पुढे होता तो मासाच. दादाला मी पाठवलेला मेसेज इथे छापण्यासारखा नाही.

कोल्हापूरकर

आमच्याकडं कार्टिंगचा ट्रॅक असल्यामुळं पोरं ह्या खेळात लहानपणापासून. आम्ही टीव्हीवर पुढचे दहा बघतच नव्हतो. आमचा डोळा आपल्या नारायण कार्तिकेयनवर, शर्यतीतला एकटा भारतीय. पण कॅमेरा काही त्याच्याकडं जाईना! एचआरटी संघाची गाडी ती, सगळ्यात मागच्या दोन-तीन संघांतली. त्यात हंगामाच्या मधेच त्याची सीट डॅनियल रिकार्डोला दिलेली, भारतातल्या शर्यतीपुरती त्याला परत बसवलेलं. सतरावा आला. बातम्यांत 'सतरावा' म्हणून नाक मुरडलं लोकांनी. अरे, त्याच गाडीतल्या रिकार्डोच्या पुढं आला गडी! आणि रिकार्डो पुढं काय चीज निघाला ते सगळ्यांनी बघितलंय. एफ-वनमध्ये तुलना करायची ती आपल्या जोडीदाराशी, बाकी सगळी गाडीची कमाल. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले.

चाकणचा सस्पेन्शनवाला

मासाचं पुढचं लिहितो. धडकेनंतर थोड्या फेऱ्यांनी त्याची गाडी नारिंगी कर्बवर (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर) चढली आणि पुढचं सस्पेन्शन मोडलं. आदल्या दिवशी पात्रता फेरीतही अगदी तसंच झालं होतं! ऑफिसात सोमवारी हाच विषय. वळण कापून कोणी आत घुसू नये म्हणून नेहमीच्या कर्बमागे ते उंच नारिंगी ठोकळे बसवलेले असतात. एफ-वनच्या सस्पेन्शनचे दांडे कार्बन फायबरचे. ज्या दिशेने भार येणार हे गृहीत धरून थर रचलेले असतात, त्या दिशेला ते भयंकर मजबूत. भलत्या दिशेने ठोका बसला की खल्लास. आपल्या गाड्यांचं पोलाद आधी वाकतं, कुरकुरतं, गॅरेजवाल्याला धंदा देतं. कार्बन वाकत नाही, काडीसारखं मोडतं. दुचाकीच्या सस्पेन्शनमध्ये आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ते स्लो मोशनमध्ये बघणं म्हणजे मेजवानी होती. मासाची माफी मागून.

नवऱ्यामागे गेलेली, डोंबिवली

मला मोटारीतलं ओ का ठो कळत नाही. दिवाळी नुकतीच झालेली, उरलेला चिवडा-चकल्या घेऊन राजधानीने गेलो. धूळ, धुरकट हवा, उन्हाने डोकं उठलेलं. पण शेवटी चौकड्यांचा झेंडा दाखवायला सचिन! आमच्या स्टँडमधून मोठ्या पडद्यावरच दिसला, तरी जो ओरडा झाला तो विजेत्यालाही मिळाला नाही. तेव्हा त्याचं शंभरावं शतक अडलेलं, त्यामुळे त्याला बघून लोक जरा जास्तच हळवे. नवऱ्याने माहिती पुरवली की २००२ मध्ये सचिनच्या हाती फेरारीची किल्ली देणारा शूमाकरही त्याच शर्यतीत होता, पाचवा आला. तेवढंच मला लक्षात राहिलं.

दिल्लीत नोकरीला असलेला नागपूरकर

शुक्रवारच्या सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं आणि लाल झेंडा दाखवून सत्र थांबवावं लागलं. मी होतो तिथे. टाळ्या त्याला मिळाल्या.

श्टुटगार्टहून

इकडे त्याच पहाटे घड्याळं तासभर मागे गेली होती, त्यामुळे शर्यत सकाळी साडेदहाला. जर्मन मित्रांना व्हेटेलचं कौतुक होतं, पण मला विचारत होते ते वेगळंच : शर्यतीआधी एक मिनिट शांतता पाळली तेव्हा तुमचे लोक खरंच गप्प बसले? इंडीकारचा डॅन व्हेल्डन आणि मोटोजीपीचा मार्को सिमोन्चेली दोघंही त्याच महिन्यात शर्यतीतल्या अपघातात दगावले होते, त्यांच्यासाठी. टीव्हीवर तरी शांत वाटलं. तिथे असलेल्यांनी सांगावं.

धागाकर्ता

बसले. पुढचं मागचं काही न कळणारेही बसले.

एक नाशिककर

धागा २०११ चा आहे, माहीत आहे, तरी लिहितो, कारण २०१३ चं विचारणारं कोणी भेटत नाही. व्हेटेलने चौथं जेतेपद तिथेच पक्कं केलं आणि पिटमध्ये जायचं सोडून मुख्य स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवली, टायरांचा धूर केला, मग खाली उतरून गाडीपुढे गुडघे टेकले. नियमाबाहेरचं म्हणून पंचवीस हजार युरो दंड. वर्गणी काढली असती तर आमच्या स्टँडमधूनच जमले असते.