प्रतिसाद: दोन सूर्य आणि मित्र तारा

दोन सूर्यांच्या ओढाताणीत ग्रह टिकणारच नाही, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. केप्लर-१६ बी हा दोन सूर्यांचा ग्रह बघा, २०११ मध्ये सापडला. त्याचे दोन्ही तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि हा ग्रह लांबून, २२९ दिवसांत, दोघांना मिळून फेरी घालतो. फार जवळ असता तर केव्हाच भिरकावला गेला असता. अंतर राखलंय म्हणून टिकलाय. अर्थात तो शनीएवढा, थंडगार, तिथे जीवसृष्टीची आशा नको.

मला खरी ओढ आहे ती ‘मित्र’ नावाच्या ताऱ्याची, म्हणजे अल्फा सेंटॉरीची. मे महिन्यात रात्री अकरानंतर दादरला आमच्या गच्चीवरून दक्षिणेला दिसतो. हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवली की मुठीच्या वरच्या कडेला, धुरकटात लुकलुकणारा. डोळ्यांना एकच, पण साध्या दुर्बिणीत दोन होतात, तेव्हा अंगावर काटा येतो! त्या दोघांची फेरी सुमारे ८० वर्षांची. जवळात जवळ आले तरी सूर्य-शनी अंतराहून लांबच. म्हणजे त्यातल्या एकाभोवती पृथ्वीइतक्या अंतरावरचा ग्रह खुशाल टिकेल, पाणीही द्रवरूपात राहू शकेल. दुसरा सूर्य त्याच्या आकाशात फक्त झगझगीत ठिपका. असा ग्रह तिथे घडला असेल का, हा प्रश्न मात्र टिकण्याहून अवघड आहे.